पन्नाशीनंतर घरी व्यायामाला काय घ्यावं? बजेट सहा हजार (जिंतूर)

बियाणेवाला_जिंतूर
नमस्कार मंडळी. वय ५३. जिंतूरला कृषी सेवा केंद्र आहे. सकाळी साडेआठला शटर वर, रात्री नऊला खाली. पेरणीच्या दिवसांत तर जेवायलाही उठता येत नाही. मागच्या आठवड्यात परभणीला तपासण्या केल्या. एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ६.१, बीपी १३८/८८, वजन ८४, उंची पाच फूट सहा. गोळी अजून सुरू नाही. डॉक्टर म्हणाले, आत्ताच मनावर घेतलं तर गोळी लांब ठेवता येईल. वडिलांचा पाय शुगरमुळं कापावा लागला होता, त्यामुळं मला हे पुढं ढकलायचं नाही.

बायको ५० ची आहे, तिचा गुडघा धरतो. तिलाही सोबत घ्यायचंय. पहाटे आमच्या रस्त्यावर कुत्र्यांची टोळी असते आणि एप्रिल-मेमध्ये आठ वाजल्यापासूनच ऊन मारायला लागतं. म्हणून घरात काहीतरी ठेवावं असा विचार आहे. ट्रेडमिल, जागेवरची सायकल, का अजून काही? बजेट ६,०००. उधारी सगळी शेतकऱ्यांकडं अडकलीय, याच्या वर जाता येणार नाही. जुनी वस्तू चालेल.

लातूरचा_अण्णा
भाऊ, एकदाच घ्या पण चांगलं घ्या. मी ३२ हजारांची ट्रेडमिल घेतली. एसी लावून चालतो, बाहेर ४३ डिग्री असली तरी फरक पडत नाही. पट्टा रुंद बघा, मोटर दमदार बघा. सहा हजारात ट्रेडमिल म्हणजे पैसे पाण्यात.

बियाणेवाला_जिंतूर
अण्णा, बजेट वर लिहिलंय.

लातूरचा_अण्णा
हप्त्यावर मिळते. तब्येतीपुढं पैसा काय?

औंढा_रोड
ट्रेडमिलला कडाडून विरोध. आमच्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही. आमचे दाजी चालत होते अन् मधेच लाईट गेली. पट्टा जागच्या जागी थांबला, दाजी पुढं जाऊन पडले, मनगट मोडलं. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर ती ओढत नाही. दुरुस्तीचा माणूस संभाजीनगरहून बोलवावा लागायचा, तो "उद्या येतो" म्हणत राहिला. शेवटी मिळेल त्या भावात देऊन टाकली.

पायी_पैठण
माझं वय ६४. एसटीत कंडक्टर होतो, आता निवृत्त. दर आषाढीला नाथांच्या पालखीबरोबर पैठणहून पंढरपूरपर्यंत पायी जातो. वजन ५८, बीपी नाही, शुगर नाही. माणसाला पाय दिलेत ते चालायला. एक रुपया खर्च नाही. कुत्र्यांसाठी हातात बाभळीची काठी ठेवा. बूट-बिट काही लागत नाही, मी आयुष्यभर चपलेवर चाललो.

जुना_जालना
काका, काठीवर विश्वास ठेवू नका. माझ्या हातात काठी असतानाच पोटरीला चावलं. काठी बघून कुत्रं जास्तच बिथरतं. पळू नये, त्याच्या डोळ्यांत बघू नये, हळूहळू मागं सरकावं. चावलंच तर आधी नळाच्या धारेखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या. तिथं मोफत असते. जखमेला हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही. आमच्या गल्लीत अजून लोक तिखट लावतात.

पायी_पैठण
मला इतक्या वर्षांत एकदाही चावलं नाही.

जुना_जालना
तुमच्यासोबत दिंडी असते काका. हा माणूस पहाटे एकटा जाणार आहे.

सायकल_नांदेड
धागा कुत्र्यांवर गेला. मूळ प्रश्नावर बोलतो. खरी सायकल घ्या! मी ५६ चा. रोज पहाटे विष्णुपुरी धरणापर्यंत जाऊन येतो. गेअरची आहे, २४ हजार पडले. गुडघ्यावर भार येत नाही, दम वाढतो. जागेवरच्या सायकलवर भिंतीकडं बघत बसावं लागतं, माणूस महिन्यात कंटाळतो.

बियाणेवाला_जिंतूर
आमच्याकडचा रस्ता आणि ऊस वाहणारे ट्रॅक्टर तुम्ही पाहिले नाहीत. आणि बायको रस्त्यावर सायकल चालवणार नाही, तिनं स्पष्ट सांगितलंय.

माहेर_अंबड
वहिनींबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी ५२. पाळी थांबल्यावर हाडं झपाट्यानं ठिसूळ व्हायला लागतात आणि गुडघ्याच्या आसपासचे स्नायूही सैल पडतात. माझा गुडघा दुखायचा तेव्हा सगळे म्हणायचे, चालू नको, जिना चढू नको. त्यानं उलट वाढलं. फिजिओथेरपिस्टनं दोनच गोष्टी शिकवल्या. खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ उचलून धरायचा आणि हळू खाली आणायचा, मग दुसरा. आणि हात न टेकता खुर्चीतून उठायचं-बसायचं. सुरुवातीला उंच खुर्ची घ्यायची. आता भाजी मंडईत जिना चढताना कठडा लागत नाही. वहिनींना एकदा नीट तपासून घ्या, सूज असेल तर आधी डॉक्टर. आणि जेवणात तीळ, जवस, कारळाच्या चटण्या असू द्या. तिळात कॅल्शियम भरपूर असतं, आपल्या घरात ते आधीपासूनच आहे.

लातूरचा_अण्णा
+१. ट्रेडमिलवरही गुडघ्याला गादी असते.

घाटीतली_सिस्टर
संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्यात बरीच वर्षं काम केलंय, आता निवृत्त आहे. शुगरचे पाय, काळे पडलेले अंगठे, ड्रेसिंग बदलताना रडणारी माणसं, सगळं रोज पाहिलंय. म्हणून दादा, तुम्ही आत्ताच विचारताय याचं फार बरं वाटलं.

तुमचा एचबीएवनसीचा आकडा ५.७ ते ६.४ या पट्ट्यात आहे, म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. इथून मागं फिरता येतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली आले. उंबरठ्यावरच्या लोकांनी वजन सात टक्क्यांनी उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, असं ठरवून दिलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. तुमच्या ८४ किलोचे सात टक्के म्हणजे साधारण सहा किलो. वीस किलो उतरवायचं मनात आणू नका, आधी हे सहा धरा. वजनकाट्यासोबत शिंप्याची टेपही ठेवा. आपल्या लोकांत पुरुषाचा कमरेचा घेर ९० सेंटीमीटरच्या आत आणि बाईचा ८० च्या आत असावा.

आता वस्तू घेण्याबद्दल. दीडशे मिनिटं कशानं होतात याला फार महत्त्व नाही, आठवडाभर होतात का याला आहे. पण नुसत्या चालण्यावर थांबू नका. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायामही सांगते, तो आपल्याकडं कुणीच करत नाही. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात आणि जेवणातली साखर रक्तातून उचलण्याचं मोठं काम तेच करतात. अंबडच्या ताईंचा खुर्चीचा व्यायाम दोघांनीही करा. तुम्ही भिंतीला हात टेकून दंड मारा. खर्च शून्य.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं हे. तुम्ही बारा-साडेबारा तास गादीवर बसता. जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटं चाला, दुकानातल्या दुकानात चाला. जेवणानंतर चढणारी शुगर त्यानं खरोखर खाली राहते. रात्री नऊला दुकान बंद, दहाला जेवण आणि लगेच अंथरूण, हे मोडा. साडेसातला डबा दुकानावर मागवा. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचा, त्यात लोणचं-पापड धरून. बीपी घरी सलग आठवडाभर मोजून वहीत लिहा, एका आकड्यावर जाऊ नका. आणि व्यायाम करताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप, असं काही झालं तर तिथंच थांबा, दवाखाना गाठा.

जुना_जालना
सिस्टर, हे प्रिंट काढून आमच्या घरात लावतो.

ज्वारीची_कोठी
मशीन वगैरे राहू द्या. आपल्या आज्या-पणज्यांना कुठं शुगर होती? गहू बंद करा, ज्वारीची भाकरी खा. आमच्या घरात तीन वेळा भाकरीच असते. ज्वारीनं शुगर वाढतच नाही.

घाटीतली_सिस्टर
असहमत. ज्वारी चांगलीच आहे, तंतू जास्त, पोट भरल्यासारखं राहतं. पण शंभर ग्रॅम पिठात सत्तरच्या आसपास कार्बोहायड्रेट असतं, गव्हातही जवळपास तेवढंच. "ज्वारीचीच आहे" म्हणून चार-चार भाकरी खाणारे पेशंट मी पाहिलेत. आज्या-पणज्यांच्या भाकरीमागं खुरपणं, दळणं आणि पाण्याच्या घागरी होत्या.

कृषीकन्या_परभणी
ज्वारीचा विषय निघालाच आहे तर सांगते. आपल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत 'परभणी शक्ती' नावाचा ज्वारीचा वाण काढला, २०१८ साली आला. नेहमीच्या ज्वारीपेक्षा त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. शुगरसाठीचा तो वाण नाही, पण ज्या घरात बायकांना रक्त कमी आहे तिथं उपयोगी. दादा, तुमचं तर बियाण्याचंच दुकान आहे, तुम्हाला माहीत असणारच.

बियाणेवाला_जिंतूर
माहीत आहे ताई. पण आमच्याकडं आता ज्वारी पेरणारे कमी झाले, सगळा सोयाबीनचा पट्टा झालाय.

घाटीतली_सिस्टर
मग तेच खा की! माणसाला वजनाच्या किलोमागं साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुम्हाला ६५-७० ग्रॅम. दोन भाकरी आणि पातळ वरणावर ती भरत नाहीत. सोयाबीनच्या वड्यांत वजनाच्या निम्मी प्रथिनं असतात. एका अंड्यात सहा ग्रॅम. अंडं चालत नसेल तर मटकीची उसळ, हरभरा, घट्ट वरण, ताक. भाकरी एक कमी, उसळ एक वाटी जास्त. मात्र मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

घाण्याचं_तेल_बीड
तेलाचं कुणी बोलत नाही. सगळा रोग पामतेलानं आलाय. करडईचं घाण्याचं तेल वापरा, मराठवाड्याचं खरं तेल तेच. महाग आहे पण दवाखान्यापेक्षा स्वस्त.

औंढा_रोड
करडई चांगलीच, पण भजी करडईच्या तेलात तळली तरी भजीच. आमच्या आईला डॉक्टरांनी माणशी महिन्याला अर्धा लिटर एवढंच तेल सांगितलंय. कोणतं तेल याच्यावर भांडण्यापेक्षा बुधली मोजा.

घाण्याचं_तेल_बीड
अर्ध्या लिटरमध्ये वांग्याची भाजी तरी होईल का?

सेलूकर
एक वेगळंच विचारतो. दादा, तुम्ही घोरता का? दुपारी गल्ल्यावर डुलकी येते का? माझं बीपी दोन गोळ्यांनीही उतरत नव्हतं. मंडळी सांगायची की झोपेत माझा श्वास मधेच थांबतो आणि मग मोठ्यानं घोरत परत सुरू होतो. झोपेची तपासणी केली, तोच आजार निघाला. रात्री मास्कचं मशीन लावायला लागलो आणि बीपी आटोक्यात आलं. जाड मान, पोट, घोरणं असं असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. व्यायामाचा सल्ला सगळेच देतात, झोपेचं कुणी विचारत नाही.

बियाणेवाला_जिंतूर
घोरतो. डुलकी पण येते. बायको म्हणायली हे आधीच सांगायला हवं होतं. पुढच्या भेटीत विचारतो.

सायकल_नांदेड
मग सायकल घेताय ना? इथं एक ओळखीचा आहे, जुनी गेअरची १५ हजारांपर्यंत करून देईल.

लातूरचा_अण्णा
जुनी ट्रेडमिल पण मिळेल तेवढ्यात.

पायी_पैठण
चाला. फक्त चाला.

बियाणेवाला_जिंतूर
सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत, मनापासून आभार. निर्णय सांगतो. तुम्हा बऱ्याच जणांना पटणार नाही.

परभणीतल्या एका शिक्षकाची जागेवरची सायकल ४,५०० ला ठरवलीय. काल जाऊन स्वतः बसून पाहिली. पायडल घट्ट आहेत, आवाज नाही, चाकावर चुंबकाचा दाब आहे, घासणारा पट्टा नाही. तिला लाईट लागत नाही, नुसता आकडे दाखवायला सेल आहे. घरात नाही, दुकानाच्या मागच्या गोदामात ठेवणार आहे. बाहेर चालायला जायचं म्हणलं की मला दुकान सोडता येत नाही, आणि दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं. खताची पोती एका बाजूला सरकवली की जागा होते. पोरगा गल्ल्यावर बसेल. भिंतीकडं बघत कंटाळा येईल म्हणणाऱ्यांना सांगतो, समोर दुकानाची खिडकी आहे, मला गिऱ्हाईक दिसेल. बायको संध्याकाळी डबा घेऊन साडेसातला येणार. आधी जेवण, मग दोघं दुकानातच पंधरा मिनिटं फेऱ्या मारणार. खुर्चीचा व्यायाम तिनं आजपासून सुरू केला.

उरलेल्या पैशात बीपीचं मशीन घेतोय.

सायकल_नांदेड
दोन महिन्यांत त्या सायकलवर युरियाची पोती दिसतील.

घाटीतली_सिस्टर
नांदेडचे दादा, असं बोलू नका. त्यांनी स्वतःच्या दिवसात बसणारी वेळ शोधली, तेच अवघड असतं. जिंतूरचे दादा, दोन गोष्टी. गोदामात औषधं आणि कीटकनाशकं असतील तर सायकल तिथं ठेवू नका, धाप लागलेली असताना तो वास छातीत जायला नको. औषधं दुसऱ्या खोलीत हलवा किंवा सायकल पुढं आणा. आणि सीटची उंची अशी लावा की पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा थोडासाच वाकलेला राहील. सीट खाली असली की गुडघा दुखतो आणि लोक सायकलला दोष देतात. वहिनी बसणार असतील तर त्यांच्यासाठी वेगळी खूण करून ठेवा. एचबीएवनसी तीन महिन्यांनी परत करा, त्याच्या आधी केलं तर नीट कळत नाही.

बियाणेवाला_जिंतूर
औषधांचं डोक्यातच नव्हतं सिस्टर. मग मागं नको, पुढच्या बाजूला बियाण्याच्या रॅकशेजारी लावतो. खुल्या दारातून हवा पण येते तिथं.

माहेर_अंबड
गिऱ्हाईक बघतील म्हणून लाजू नका. वहिनींना नमस्कार सांगा.

लातूरचा_अण्णा
ठीक आहे भाऊ. पण पुढच्या वर्षी उधारी वसूल झाली की मला मेसेज करा, माझा दुकानदार ट्रेडमिलवर चांगली सूट देतो.