मनी मार्कचा पहिला अल्बम: तुकडे की संगीत?

काळीपाच: काल इथं कुणीतरी अमेरिकन कीबोर्डवादक मनी मार्कच्या पहिल्या अल्बमबद्दल लिहिलं, "'मार्क्स कीबोर्ड रिपेअर' म्हणजे अर्धवट तुकड्यांचं गाठोडं. बीस्टी बॉईज या हिप हॉप गटाशी ओळख नसती तर १९९५ मध्ये कुणी काढलाच नसता." वाचून झोप उडाली. ३० तुकडे आहेत, बरेचसे सुरू होता होता संपतात, मान्य. पण हिप हॉप अशा तुकड्यांवरच उभं राहिलं ना? लोक जुन्या फंक, म्हणजे ठेक्यावर नाचवणाऱ्या संगीताच्या, रेकॉर्डमधून नेमका रसाळ भाग उचलतात. हा माणूस तो भाग स्वतः वाजवतो.

पायपेटी: ते मीच लिहिलंय, आणि मागे घेत नाही. जाझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकचा 'हेड हंटर्स' अल्बम ऐका, १९७३ चा. गाणी फक्त चार, त्यातलं 'कमिलियन' पंधरा मिनिटांहून मोठं. फंक असा चढत जातो. इथं अंगात येईपर्यंत गाणं बंद. आणि ओळखीचं म्हणाल, तर मार्कसाहेब बीस्टी बॉईजच्या भाड्याच्या घराचं फाटक दुरुस्त करायला आले होते! मी अकरा वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला, पोस्टरवर एकदाही नाव आलं नाही. आम्हाला कुणी फाटक दाखवलं नाही.

भाता: सुतार होता म्हणून हिणवू नका. लॉस एंजेलिसमधल्या त्यांच्या जी-सन स्टुडिओचं लाकूडकामही त्यानंच केलं. वाद्य उघडता येणाऱ्याचं वाजवणं वेगळंच असतं. मी एक जुना क्लॅव्हिनेट, म्हणजे तारांचा इलेक्ट्रिक कीबोर्ड, उघडलाय. प्रत्येक पट्टीखाली रबराची टोपी, ती तार खाली दाबते. रबर वितळून काकवीसारखं झालेलं, पट्टी दाबली की वर येईना. साठ पट्ट्या, चार रविवार गेले. त्यानंतर याच अल्बममधलं 'हॅव क्लॅव्ह विल ट्रॅव्हल' ऐकलं तेव्हा तो खटका कुठून येतो ते कळलं.

पायपेटी: हिणवलं? माझे वडील पेट्या दुरुस्त करायचे! भात्याला चामडं चिकटवताना मी शेजारी सरसाचं भांडं धरून बसायचो. हातकाम मला शिकवू नका. दुरुस्ती वेगळी, रचना वेगळी.

काळीपाच: मग त्यातल्याच 'क्राय'ला काय म्हणाल? कच्च्या गळ्यानं गायलंय, पण पोटातून.

पायपेटी: आत्ता परत ऐकलं. ठीक आहे, ते गाणं आहे. बाकी २९ बद्दल माझं मत तेच. भाता, ते रबर काढलंत कशानं? माझ्या ओळखीत एकाकडे तसाच पडलाय.

भाता: टोप्या चिमट्यानं, तारा स्पिरिटच्या बोळ्यानं. थिनर अजिबात नको, पट्टीचं प्लास्टिक जातं. आणि नवं रबर हातात आल्याशिवाय जुनं काढू नका.