नुसत्या ‘टक्’वर भरवसा नको
कॉडल एपिड्यूरल इंजेक्शनमध्ये (माकडहाडाजवळून कण्याच्या नळीत दिलेलं इंजेक्शन) सुईनं नळीच्या तोंडावरचा पडदा भेदल्याचा ‘टक्’ जाणवला आणि मागं ओढल्यावर रक्त आलं नाही, की जागा बरोबर, असं म्हणतात, पण तेवढं अपुरं आहे. बाजूनं घेतलेल्या एक्स-रे चित्रात सुईचं टोक सेक्रमच्या (कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडाच्या) नळीत दिसलं पाहिजे, पण एस-३च्या (त्या हाडातल्या तिसऱ्या मणक्याच्या) वर नको. ड्युरल सॅक (मज्जातंतू आणि त्यांभोवतीचं पाणी असलेली पिशवी) साधारण एस-२ला संपते, काहींची आणखी खाली. मग २ मिली आयोहेक्सॉल (एक्स-रेत दिसणारं द्रव्य), तेही सी-आर्म (हलतं एक्स-रे चित्र दाखवणारं यंत्र) चालू ठेवूनच. समोरून घेतलेल्या चित्रात ख्रिसमस ट्रीसारखी नक्षी उमटली की ठीक. बारीक रेघ दिसून क्षणात पुसली तर सुई शिरेत आहे. एकाच क्षणाच्या स्थिर चित्रात नेमकं हेच निसटतं. आणि इंजेक्शन देताना कातडीखाली फुगवटा आला, तर औषध नळीबाहेर चाललंय, तिथंच थांबा.