बर्मात गेलेले बाबांचे मामा, एअरफोर्समध्ये होते. नाव कुठे शोधायचं?

महालचा_पोट्टा
नमस्कार मंडळी. बाबांचे सगळ्यात मोठे मामा दुसऱ्या महायुद्धात एअरफोर्समध्ये होते, बर्मात बॉम्ब टाकायला गेले अन् विमान परत आलंच नाही, घरात सगळ्यांना एवढंच माहीत आहे. बॉडी नाही काही नाही, फक्त तार आली. आजीच्या आईने म्हणे शेवटपर्यंत त्यांचं श्राद्ध करू दिलं नाही, बेपत्ता म्हणजे गेला असं थोडीच आहे म्हणायची. ती गेल्यावर मग आजी पितृपक्षात चतुर्दशीला पान वाढायची, कारण शस्त्राने गेलेल्यांचं त्या दिवशी असते. आता आजीपण नाही. नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर बिल्डरला देऊन राहिलो तर माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांचा युनिफॉर्ममधला एक फोटो निघाला, मागे फक्त पेशावर लिहिलंय, वर्ष नाही. तार काही सापडली नाही. दिल्लीच्या नॅशनल वॉर मेमोरियलच्या यादीत पाहिलं, नाही. रंगूनच्या स्मारकाच्या यादीतही नाही. बाबा ऐंशीच्या वर आहेत, सारखे विचारतात, अरे कुठंतरी लिहिलं असेलच ना. कुठून सुरुवात करू?

जुनी_फाइल
दिल्लीत मिळणारच नाही भाऊ, तिथं स्वातंत्र्यानंतरचे जवान आहेत. अन् रंगूनजवळ ताउक्यानला जी २७ हजारांच्या आसपास नावं कोरलीत ती लष्करातल्या लोकांची. त्या भागात पडलेल्या अन् बॉडी न सापडलेल्या एअरफोर्सवाल्यांची नावं आहेत सिंगापूरला, क्रांजीच्या वॉर सिमेट्रीत सिंगापूर मेमोरियल म्हणून आहे तिथं. बर्मात गेलेल्या माणसाला सिंगापूरला शोधायचं हे कोणाच्या डोक्यात येणार! कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या कबरी अन् स्मारकं सांभाळणारी संस्था, तिच्या साइटवर फुकटात पाहता येते, सर्व्हिसमध्ये एअर फोर्स निवडा अन् आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग जितक्या प्रकारे होऊ शकते तितक्या प्रकारे टाका, त्या काळच्या क्लार्कने काय लिहिलं असेल भरोसा नाही.

आता तो फोटो नीट पाहा. छातीवर दोन पंख असतील तर पायलट. एकच पंख अन् त्याच्या मुळाशी गोलात अक्षर असेल तर मागच्या सीटवरचा माणूस. एन म्हणजे नॅव्हिगेटर, एजी म्हणजे एअर गनर. ओ असेल तर ऑब्झर्व्हर, पण १९४२ च्या सप्टेंबरपासून ओ बंद होऊन नवीन पोरांना एन मिळायला लागला, म्हणजे फोटोचा काळपण कळतो.

आणि विमान. आपल्या एअरफोर्सकडे तेव्हा चार इंजिनांचे मोठे बॉम्बर नव्हतेच. १९४२ च्या सुरुवातीला १ नंबर स्क्वाड्रन बर्मात टाउंगूला होती, मजुमदार कमांडर, त्यांनी लायसँडरला बॉम्ब लटकवून थायलंडमधल्या जपानी विमानतळावर हल्ले केले, खरं तर ते विमान त्या कामाचं नव्हतंच. नंतर ७ आणि ८ नंबर स्क्वाड्रनला व्हल्टी व्हेन्जन्स मिळाले, दोन माणसांचे डाइव्ह बॉम्बर. हे जवळजवळ उभं खाली सूर मारायचं, बॉम्ब सोडला की वर खेचायचं, अन् खाली अराकानचं नाहीतर मणिपूरकडचं जंगल. तिथं विमान पडलं तर कोणी पोचणं मुश्किल, त्यात पावसाळा. हे सगळं १९४३ च्या शेवटापासून १९४४ च्या मध्यापर्यंत चाललं, मग ७ नंबरला हरिकेन आले अन् ८ नंबरला स्पिटफायर. त्यामुळे मामा व्हेन्जन्सवर असतील तर शोधायचा काळ काही महिन्यांचाच राहते. स्क्वाड्रन कळली की तिचं ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक पाहायचं, कोणतं विमान कधी उडालं, कोण बसलं होतं, परत आलं का, हे त्यात असते. भारत रक्षकच्या साइटवर जुन्या अधिकाऱ्यांची यादी आहे, तीही पाहा.

संत्रा_बर्फी
राग मानू नका पण एक विचारतो. बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये इकडे चिमूर-आष्टीत पोरं इंग्रजांच्या गोळ्या खाऊन राहिले होते अन् हे त्याच इंग्रजांच्या विमानात. इम्फाळला तर समोर जपान्यांसोबत नेताजींची आझाद हिंद फौज होती. कशाची आठवण काढायची?

महालचा_पोट्टा
राग कशाचा राजेहो, हेच भांडण आमच्याच घरात होतं. बाबांचे दुसरे मामा बेचाळीसच्या चळवळीत जेलात होते. सुटून आले तेव्हा मोठा भाऊ नव्हता. आयुष्यभर त्या विषयावर बोलले नाहीत, अन् कोणी फोटो भिंतीवर लावायचं काढलं की उठून जायचे, म्हणून तो माळ्यावर गेला असं बाबा सांगतात. आपण कोण ठरवणारे, मला फक्त नाव अन् तारीख पाहिजे.

सोनेगाव_काका
मी मेंटेनन्स कमांडमधून रिटायर, वायुसेना नगरला बरीच वर्षं काढली. तुमच्या पणजीबाईंचं वागणं मला विचित्र वाटत नाही. एकाहत्तरचं घ्या. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे, मराठी माणूस, ३२ स्क्वाड्रन, सुखोई-७ घेऊन ५ डिसेंबरला पाकिस्तानातल्या शोरकोट रोडच्या विमानतळावर हल्ल्याला गेले, परत आले नाहीत. बायको दमयंती, बॅडमिंटनची नॅशनल चॅम्पियन. पकडलेल्या भारतीय पायलटांमध्ये त्यांच्यासारखं नाव पाकिस्तानच्या पेपरात छापून आलं होतं, मग ती बाई श्राद्ध करणार का वाट पाहणार? सरकारच्या यादीत असे ५४ जण आहेत, २००७ मध्ये घरची काही मंडळी पाकिस्तानच्या जेलांमध्ये जाऊन पाहून आली, हाती काही लागलं नाही. तुमच्याकडे निदान जंगल होतं, पकडले गेल्याची बातमी नव्हती.

अन् बेटा, बाबांना एक विचार, नंतर पालाशविधी झाला होता का? बॉडी न मिळालेल्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून अंत्यसंस्कार करतात तो. झाला असेल तर तुमच्या भटजींच्या घरच्या जुन्या वहीत नोंद असू शकते, महालात असे घराणे आहेत अजून. तारेची तारीखही तिथंच लिहिलेली मिळेल कदाचित.

महालचा_पोट्टा
काका, बाबा म्हणतात लहानपणी पळसाच्या पानांचं काहीतरी झालेलं आठवते, ते तेव्हा याच्यासाठी होतं हे माहीतच नव्हतं त्यांना! भटजींचा नातू सक्करदऱ्याला राहते, संध्याकाळी जातो. अन् जुनी_फाइल, फोटो भिंगातून पाहिला. एकच पंख आहे अन् गोलात एन.

जुनी_फाइल
मग नॅव्हिगेटर, व्हेन्जन्सची शक्यता भरपूर. ७ अन् ८ दोन्ही पाहा. कमिशनच्या साइटवर नाव निघालं की सोबत कॉलम नंबर येईल, म्हणजे स्मारकाच्या कोणत्या खांबावर नाव आहे ते, तो इथं टाका, माझी भाची सिंगापूरला आहे, रविवारी क्रांजीला जाऊन फोटो काढून पाठवते म्हणाली.