'बाळगणे', 'पॅरोल' आणि 'थर्ड डिग्री': न्यू जर्सीतला शस्त्रखटला मराठीत कसा लिहावा?

सदाफुली:
मंडळाच्या अंकासाठी न्यू जर्सीच्या शस्त्रकायद्यावर एक पान लिहितेय. एडिसनच्या आसपास, म्हणजे मिडलसेक्स काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा), नवी मराठी घरं येतच असतात आणि दुसऱ्या राज्यातून आलेल्यांना इथले नियम ठाऊक नसतात. माझं वाक्य असं: "विनापरवाना पिस्तूल बाळगणं हा दुसऱ्या दर्जाचा दखलपात्र गुन्हा असून त्याला किमान पाच वर्षं सक्तमजुरी आहे, पैकी ४२ महिने पॅरोल मिळत नाही." नवरा म्हणतो, ही पुण्याच्या पेपरातली बातमी वाटते. शब्द सुचवा.

पारनाका:
'दुसऱ्या दर्जाचा' नको. मराठीत दुसरा दर्जा म्हणजे जरा कमअस्सल, चालून जाईल असा. पाच ते दहा वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा कुणाला किरकोळ वाटेल.

खडूस_वकील:
नवरा बरोबर बोलतोय. जिल्हा न्यायालयात आयुष्य गेलं, त्यामुळे ही वाक्यं कुठून येतात ते माहीत आहे.

'दखलपात्र' आधी काढा. पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात तो गुन्हा दखलपात्र. अमेरिकेतल्या 'फेलनी'ला, म्हणजे गंभीर गुन्ह्याला, हा शब्द चिकटवायची खोड भाषांतरांतून आली. त्यातून न्यू जर्सीचा कायदा 'फेलनी' म्हणतच नाही. तिथे 'क्राइम' आणि त्याच्या चार डिग्र्या, पहिली सर्वांत गंभीर. त्याखालचे लहान गुन्हे वेगळ्या नावाने.

'सक्तमजुरी'ही जाऊ द्या. साधी कैद आणि सक्तमजुरी हा भेद आपल्याकडचा. तिथे तो नाही, 'तुरुंगवास' पुरे.

खरी गोम 'बाळगणे'त आहे. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात कलम ३ खाली बंदूक-पिस्तूल मिळवायला, ताब्यात ठेवायला, घेऊन फिरायला परवाना लागतोच. कपाटात असो की कमरेला, 'बाळगलं' म्हटलं की विषय संपला. न्यू जर्सीत कायदेशीर घेतलेलं पिस्तूल स्वतःच्या घरात किंवा धंद्याच्या जागी ठेवायला 'कॅरी परमिट', म्हणजे घेऊन फिरायचा परवाना, लागत नाही. (विकत घ्यायची परवानगी आधी काढावी लागते, ती निराळी.) उंबऱ्याबाहेर भरलेलं पिस्तूल पर्समध्ये टाकून निघालात की मात्र सेकंड डिग्री. नेमबाजीच्या रेंजवर न्यायचं तर गोळ्या काढून, बंद पेटीत किंवा कुलूपबंद डिकीत. तेव्हा 'परमिटशिवाय पिस्तूल घेऊन फिरणं' असंच लिहा, नाहीतर घरात कायदेशीर पिस्तूल ठेवणारा उगाच घाबरेल.

निशिगंध:
आणि दुसऱ्या राज्याचं परमिट? वाचणाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असेल.

खडूस_वकील:
चालत नाही. यावरचं गाजलेलं प्रकरण अटलांटिक काउंटीतलं. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका महिलेची गाडी साध्या वाहतूक तपासणीत थांबवली गेली. तिने आपणहून पोलिसाला सांगितलं, माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हे पेनसिल्व्हेनियाचं परमिट. नदीपलीकडे त्या कागदाला किंमत शून्य. पूर्वीचा एकही गुन्हा नसलेल्या बाईसमोर एकदम साडेतीन वर्षांचा किमान तुरुंगवास उभा राहिला. बराच गदारोळ झाला. सप्टेंबर २०१४ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलने अशा परराज्यातल्या लोकांबाबत नवं मार्गदर्शन काढलं, तिला खटल्याऐवजी देखरेखीच्या योजनेत घेतलं, आणि एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस्तींनी माफी दिली.

सदाफुली:
ते साडेतीन वर्षं म्हणजेच माझे ४२ महिने ना? तिथे 'पॅरोल नाही' बरोबर आहे की नाही?

खडूस_वकील:
शब्द बरोबर, अर्थ पोचणार नाही. महाराष्ट्रात 'पॅरोलवर सुटला' म्हणजे घरी कुणी आजारी आहे, मयत झालीय, म्हणून काही दिवसांसाठी बाहेर आला आणि परत जाणार. सरकारी मराठीत ती अभिवचन रजा, आणि फर्लो म्हणजे संचित रजा. अमेरिकेतला पॅरोल ही शिक्षा पुरी व्हायच्या आधीची अटींवरची सुटका. तुमचं वाक्य वाचून आपला माणूस म्हणेल, रजा नाही मिळाली तर नाही मिळाली!

हिशेब उलगडून सांगा. हा १९८१ चा 'ग्रेव्ह्ज ॲक्ट', २०१३ मध्ये कडक केलेला. शिक्षेचा निम्मा काळ किंवा ४२ महिने, यांत जे जास्त असेल ते आतच काढायचं. पाच वर्षं झाली तर निम्मे तीस महिने, म्हणून ४२ लागू. आठ वर्षं झाली तर ४८. त्याआधी सुटकेचा विचारच नाही.

पारनाका:
न्यायाधीशालाही कमी करता येत नाही?

खडूस_वकील:
सहसा वाट काउंटी प्रॉसिक्युटरच्या टेबलावरून जाते. आरोपीचा पूर्वी असा गुन्हा नसेल आणि प्रॉसिक्युटरने अर्ज केला किंवा संमती दिली, तर आत काढायचा काळ एका वर्षावर येऊ शकतो किंवा प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी बाहेर देखरेखीखाली राहणं, मिळू शकतं. त्यामुळे गुन्हा कबूल करण्याची बोलणी प्रॉसिक्युटरशीच होतात. म्हणून त्याला नुसतं 'सरकारी वकील' म्हणू नये असं माझं मत. आपला सरकारी वकील पोलिसांनी आणलेली फाइल चालवतो. कलम ३ च्या खटल्याला मंजुरी द्यायची ती जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी. तिथला प्रॉसिक्युटर गव्हर्नरने पाच वर्षांसाठी नेमलेला, काउंटीतल्या खटल्यांचा प्रमुख. 'काउंटीचे मुख्य अभियोक्ता' म्हणा.

निशिगंध:
'अभियोक्ता' मंडळाच्या अंकात कोण वाचणार? 'काउंटी प्रॉसिक्युटर' लिहा, एडिसनमध्ये सगळ्यांना कळतं.

खडूस_वकील:
हरकत नाही. मला अभियोक्ता आवडतो, इतकंच.

पारनाका:
मग 'सेकंड डिग्री'ही तशीच ठेवू. पण छर्र्यांच्या बंदुकीचं लिहिताना जपा. न्यू जर्सीत तीही 'फायरआर्म'च, आणि छर्र्यांचं पिस्तूल परमिटशिवाय घेऊन फिरलं तर थर्ड डिग्री. मराठीत 'थर्ड डिग्री' म्हणजे कोठडीतला मार! "मुलाला छर्र्यांच्या पिस्तुलासाठी थर्ड डिग्री लावली" असं छापलंत तर भारतातले आजी-आजोबा रातोरात फोन करतील.

सदाफुली:
😄 'तिसऱ्या श्रेणीचा गुन्हा' करते, मग सेकंड डिग्रीलाही श्रेणीच. नवं वाक्य बघा: "न्यू जर्सीचं परमिट नसताना घराबाहेर पिस्तूल घेऊन फिरणं हा दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा आहे. शिक्षा पाच ते दहा वर्षं तुरुंगवास. त्यातले निदान ४२ महिने सुटकेचा अर्जही करता येत नाही. दुसऱ्या राज्याचं परमिट इथे चालत नाही."

खडूस_वकील:
शेवटचं वाक्य सगळ्यात वर घ्या, ठळक अक्षरात. आणि "प्रॉसिक्युटरने सवलत दिली नाही तर" एवढं ४२ महिन्यांच्या आधी घाला.