पवित्रता म्हणजे ख्रिस्ती सोवळं आहे का?

जुनाकरार (धागाकर्ता)
मंडळीत ‘पवित्र जीवन’ म्हटलं की डोळ्यांपुढे वर्ज्य गोष्टींची यादी येते. दारू नको, तंबाखू नको, सिनेमा नको, काही ठिकाणी दागिनेही नकोत. मला वाटतं ही कल्पना पवित्र शास्त्रातून कमी आणि आपल्या सोवळ्यातून जास्त आली आहे. सोवळं शिवाशिवीने मोडतं, म्हणून ते सांभाळायचं तर माणसांपासून लांब राहावं लागतं.

मूळ हिब्रू शब्द कादोश, म्हणजे देवासाठी वेगळं काढलेलं. आता जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाचा 19वा अध्याय वाचा. दुसऱ्या वचनात ‘पवित्र व्हा’ अशी आज्ञा आहे आणि पुढे तिचा तपशील. शेताच्या कडेचं पीक गरिबासाठी सोडा (9-10), मजुराची मजुरी रात्रभर ठेवून घेऊ नका (13), बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका (14), एफा आणि हीन ही मापं खरी ठेवा (35-36). एफा धान्याचं, हीन तेला-द्राक्षारसाचं. कडेचं पीक किती सोडायचं ते नियमशास्त्र सांगत नाही. पुढे मिश्नामध्ये, म्हणजे ज्यू परंपरेतल्या तोंडी नियमांच्या संग्रहात, रब्बींनी किमान साठावा हिस्सा ठरवला. साठ पोत्यांच्या शेतात एक पोतं कापायचंच नाही! पवित्रतेची ही जागा देवळात नाही, खळ्यावर आणि बाजारात आहे.

एकोणीस_सत्तावीस
असहमत. त्याच अध्यायात एका शेतात दोन जातींचं बी पेरू नका, दोन प्रकारच्या सुतांचं कापड घालू नका (19), दाढीची कड कापू नका (27), गोंदून घेऊ नका (28) हेही आहे. मजुरीची आज्ञा ठेवली आणि दाढीची सोडली, ती कोणत्या चाळणीने? आणि वेगळेपणा सोवळ्यातून आला म्हणता, तर लेवीय 20:26 काय आहे? ‘तुम्ही माझे व्हावे म्हणून मी तुम्हाला इतर राष्ट्रांपासून वेगळे केले’ असाच त्याचा अर्थ आहे.

जुनाकरार
चाळणी नव्या कराराची. 19:18 मधली शेजारप्रीती मार्क 12, रोम 13, गलती 5 आणि याकोब 2 इतक्या ठिकाणी येते. अडवलेली मजुरी याकोब 5:4 मध्ये आहे. मिश्र सुताचं कापड कुठेच नाही.

वेगळेपणा मान्य, पण त्याची दिशा पाहा. हाग्गय 2:12-13 मध्ये याजकांना विचारलंय: पदरात पवित्र मांस आहे, तो पदर भाकरीला लागला तर भाकरी पवित्र होते का? नाही. प्रेताला शिवलेला माणूस लागला तर ती विटाळते का? होय. म्हणजे विटाळ पसरतो, पवित्रता पसरत नाही. मार्क 1:41 मध्ये येशू कुष्ठरोग्याला हात लावतो आणि शुद्ध होतो तो कुष्ठरोगी. गणितच उलटं झालं.

एकोणीस_सत्तावीस
हाग्गयचा मुद्दा चांगला आहे. पण नव्या कराराचीच चाळणी लावायची तर पौलाच्या पत्रातलं 1 थेस्सल 4:3 लावा. पवित्रीकरण ही देवाची इच्छा आहे असं म्हणून पौल पहिली गोष्ट काय सांगतो? जारकर्मापासून दूर राहा. म्हणजे वर्ज्यच. तुमच्या मांडणीत देह कुठे दिसतच नाही. माप खरं आणि बिछाना खोटा, असा माणूस पवित्र म्हणायचा का?

जुनाकरार
नाही. तो माझ्या मांडणीतला दोष आहे. मात्र तीनच वचनांनंतर, सहाव्या वचनात, पौल याच पापाला भावाची फसवणूक म्हणतो.

कृपाच
दोघांनीही चुकीच्या टोकाला हात घातलाय. 1 करिंथ 1:2 मध्ये पौल करिंथकरांना ‘ख्रिस्तात पवित्र केलेले’ म्हणतो. त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात एकाने बापाची बायको ठेवली आहे आणि सहाव्यात भाऊ भावाला कोर्टात खेचतोय. तरी संबोधन मागे घेतलेलं नाही. आधी दर्जा मिळतो, वागणूक त्यातून निघते. क्रम फिरवला की ज्याला जमतं तो फुगतो आणि ज्याला जमत नाही तो चर्चच्या मागच्या बाकावरूनही उठून जातो. विश्वासणारा एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो, हे प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथर उगाच म्हणत नव्हता.

वसईची_वाट
कॅथलिक बाजू. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने 1547 च्या सहाव्या सत्रात सांगितलं की नीतिमान ठरणं म्हणजे नुसती पापक्षमा नाही, आतून नवं होणंही आहे. आणि आतलं नवेपण हवेत राहत नाही, त्याला सवय लागते.

जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस याने त्यासाठी विवेकतपासणीचे पाच टप्पे दिले: आभार, प्रकाशासाठी प्रार्थना, दिवसाचा झाडा, क्षमायाचना, सुधारणेचा निश्चय. याशिवाय एकाच दोषासाठी वेगळी तपासणी. सकाळी उठताच निश्चय, दुपारी आणि रात्री जेवणानंतर मोजणी. वहीत दिवसाला दोन रेघा, चुकेल तितके ठिपके. वरच्या रेघेशी खालची ताडायची, आजच्याशी उद्याची, या आठवड्याशी पुढचा.

बिघडतं कुठे? लोक एकदम पाच दोष घेतात, किंवा ‘मी रागीट आहे’ इतकं मोघम लिहितात. ‘मुलांवर ओरडलो, दोनदा’ असं हवं. दुसरा धोका अतिशंकेचा. कबूल केलेलं पाप पुन्हा पुन्हा कबूल करावंसं वाटतं. स्पेनमधल्या मान्रेसात खुद्द इग्नेशियस त्यात अडकला होता. तेव्हा पापनिवेदन एकाच फादरकडे करावं आणि ते ‘पुरे’ म्हणाले की थांबावं.

बारा_जण
वहीशी माणूस सहज खोटं बोलतो. म्हणून मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक वेस्ली याने गट केले. 1742 मध्ये ब्रिस्टलला इमारतीचं कर्ज फेडायला साधारण बारा जणांमागे एक पुढारी नेमला, दर आठवड्याला प्रत्येकी एक पेनी. पेनी गोळा करताना कोण कसा जगतोय ते कळू लागलं आणि वर्गसभा उभ्या राहिल्या. त्याआधीचे, 1738 च्या नियमांचे छोटे गट अधिक कडक होते: गेल्या भेटीनंतर कोणतं पाप केलं, कोणता मोह आला, सुटका कशी झाली, कशाबद्दल शंका आहे, असे प्रश्न. गटातली गोष्ट बाहेर फुटली की गट संपला, हे मात्र खरं.

आणि कृपाच, ‘एकाच वेळी पापी’ ही अनेकांची कायमची रजा झाली आहे. वेस्ली परिपूर्ण प्रीती याच आयुष्यात शक्य मानत होता.

कृपाच
कारण त्याने पापाची व्याख्या आखडली: जाणलेला नियम जाणूनबुजून मोडणं तेवढं पाप, बाकीची चूक आणि दुर्बलता. पट्टी लहान केली की उंची वाढतेच. 1 योहान 1:8 वाचा, आणि फिलिप्पै 3:12 मध्ये पौल स्वतः ‘मी परिपूर्ण झालेलो नाही’ म्हणतो.

बारा_जण
आणि पंधराव्या वचनात ‘आपण जे परिपूर्ण आहोत’ असंही म्हणतो. ग्रीकमध्ये धातू तोच आहे, मराठीत ‘प्रौढ’ केल्यामुळे लपतो.

जुनाकरार
रेघा, गट, सगळं मान्य. फक्त वहीत एक रकाना वाढवा: घरकामाच्या बाईंचा पगार कोणत्या तारखेला दिला.

कृपाच
लिहा, पण त्यावरून स्वतःला गुण देऊ नका. शिवाय तारीख कशाला? लेवीय 19:13 मध्ये हिशोब रोजचा आहे, आणि अनुवाद या पुस्तकातलं 24:15 तर सूर्य मावळायच्या आत म्हणतं.