वय ३६, अकाउंट्स सोडून अ‍ॅम्ब्युलन्सवर काम करायचं मनात आहे, कुणी केलंय का असं?

खातेवही३६

नमस्कार मंडळी, लिहू की नको करत बरेच दिवस गेले, आज लिहूनच टाकतो. तेरा वर्षं अकाउंट्समध्ये आहे, काम जमतं, पगार वेळेवर होतो, तक्रार अशी काही नाही. सात महिन्यांपूर्वी ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरचे सहकारी बसल्या जागी खाली कोसळले. आम्हाला वाटलं चक्कर आली. घोरल्यासारखा श्वास येत होता, मध्येच थांबायचा, परत एकदम ओढल्यासारखा यायचा, म्हणून मी म्हटलं श्वास चालू आहे, आणि कॉलर सैल करून तोंडावर पाणी मारत बसलो. फोन लावला तेव्हा पलीकडच्या बाई म्हणाल्या हा खरा श्वास नाहीये, छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवा आणि जोरात दाबा, मी मोजते. त्या मोजत राहिल्या, मी दाबत राहिलो. मग अ‍ॅम्ब्युलन्स आली, त्यातली एक मुलगी, माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असेल, माझ्या शेजारी गुडघ्यावर बसली आणि शांतपणे म्हणाली, "थांबू नका, मी सांगेन तेव्हा बाजूला व्हा."

ते वाचले नाहीत.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे की मला ते काम यायला हवं. पण सायन्स सुटून अठरा वर्षं झाली, कंबर अधूनमधून धरते, घरी पाच वर्षांची मुलगी आहे. आणि खरं सांगायचं तर मला हे काम मनापासून हवंय की त्या पाणी मारण्यात गेलेल्या मिनिटांचं ओझं आहे हेच कळत नाहीये. बायको म्हणते घाई करू नकोस. जाणकारांनी स्पष्ट सांगा, गोड बोलू नका.

रात्रपाळी_११

दादा, अकरा वर्षं पॅरामेडिक आहे. आधी त्या श्वासाबद्दल बोलतो. त्याला अ‍ॅगोनल ब्रीदिंग म्हणतात, हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं बऱ्याच जणांना तसे आचके येतात आणि बघणाऱ्याला वाटतं माणूस श्वास घेतोय. शिकलेली माणसंसुद्धा तिथे फसतात. सीपीआर, म्हणजे तुम्ही केलंत ते छाती दाबणं, आणि हृदयाला विजेचा शॉक, दोन्ही मिळाले नाहीत तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी होते, त्यामुळे ती मिनिटं महत्त्वाची होती हे मी नाकारत नाही, पण नंतर तुम्ही दाबत राहिलात, आणि दर वेळी इतकंही होत नाही.

आता कामाबद्दल. तुम्ही जे बघितलं ते आमच्या कामातला छोटा तुकडा आहे. बाकी पाळीभर काय असतं तर बाथरूममध्ये घसरलेल्या आजी, शुगर उतरून बडबडणारे काका, दम्याचं पोर, आणि तिसऱ्या मजल्यावरून वळणावळणाच्या जिन्याने खुर्चीत बसवून खाली आणायचा नव्वद किलोचा माणूस. रात्री तीन वाजता त्या आजींना उठवून बसवायचं, कुठे दुखतंय विचारायचं, त्यांची ओली साडी बदलायला शेजारणीला हाक मारायची, पडण्याआधी चक्कर आली होती की पाय घसरला हे हळूहळू काढून घ्यायचं. यात तुम्हाला कंटाळा येणार असेल तर नका येऊ. मला हेच काम सगळ्यात जास्त आवडतं.

आणि हिशोबाची सवय फुकट जाईल असं समजू नका. लकव्याच्या पेशंटला आम्ही पहिलं विचारतो, शेवटचं ठणठणीत कधी बघितलं होतं? उठल्यावर कधी लक्षात आलं ते नाही, शेवटचं नीट कधी होते ते. कारण मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं औषध साधारण त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. घरचे म्हणतात "सकाळपासून", मग खोदून खोदून विचारायचं, रात्री पाणी प्यायला उठले होते का, बोलले का, शब्द स्पष्ट होते का. मी ती वेळ ग्लोव्हच्या पाठीवर पेनाने लिहितो. एक चुकीचा आकडा आणि त्या माणसाचा उजवा हात कायमचा जाऊ शकतो.

पाठ_आणि_झोप

मी सहा वर्षं करून सोडलं, म्हणून दुसरी बाजूही सांगते. कंबर धरते असं तुम्ही सहज लिहून गेलात, ते सहज घेऊ नका. आधी डॉक्टरला दाखवा, मांडी-पोटाचे व्यायाम आत्तापासून सुरू करा, कारण उचलायचं तंत्र कितीही शिकलात तरी पेशंट पलंग आणि भिंतीच्या सांदीत पडलेला असतो आणि तिथे तंत्रासारखं उभं राहायला जागाच नसते. माझी पाठ तिथेच गेली.

दुसरं म्हणजे झोप. दिवसपाळी रात्रपाळी फिरत राहिली की पहिलं वर्ष निभावतं, नंतर चिडचिड घरात येते. आणि लहान मुलांचे कॉल. मुलगी पाच वर्षांची आहे म्हणालात ना, तेवढ्याच वयाचं मूल एक दिवस तुमच्यासमोर येणार. एका कॉलवरून आले त्या रात्री माझ्या मुलाच्या पायातले बूट काढताना माझे हात थांबले, किती वेळ तशीच बसले होते ठाऊक नाही. तेव्हा आमच्याकडे कॉलनंतर बोलायला कुणीच नव्हतं, पुढचा कॉल आला की निघायचं. म्हणून जिथे जाल तिथे पगाराच्या आधी हे विचारा की वाईट कॉलनंतर कुणी बसून बोलतं का.

ओझ्याबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, त्या एका माणसाची भरपाई करायला येणार असाल तर ती कधीच पूर्ण होणार नाही, कारण पुढेही माणसं जाणार आहेत, सगळं बरोबर करूनसुद्धा. आधी कुणाशी तरी नीट बोला त्या दिवसाबद्दल. मग सहा महिन्यांनी हीच इच्छा राहिली तर ती तुमची.

एक्केचाळीसाव्या_वर्षी

मी ४१व्या वर्षी आलो, आधी मालवाहू गाडी चालवायचो. वयाचं जाऊ द्या, आधी काय करत होतात तेही जाऊ द्या. १९६७ साली अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये फ्रीडम हाउस नावाची अ‍ॅम्ब्युलन्स सेवा सुरू झाली, डॉ. पीटर सफार यांनी तिथल्या हिल डिस्ट्रिक्ट वस्तीतल्या कृष्णवर्णीय तरुणांना शिकवलं, त्यात बेकार होते, शाळा अर्धवट सोडलेले होते, आणि आजच्या पॅरामेडिकच्या कामाचा पाया ज्यांनी घातला त्यांत ते येतात. अभ्यास मात्र करावा लागतो. मला शरीररचना पाठ होईना, तर मी स्वतःच्याच हातावर बोट ठेवून शिरा म्हणायचो. तुम्हाला औषधांचं गणित सोपं जाईल बघा, ते आमच्या बॅचमध्ये सगळ्यांना जड गेलं. अ‍ॅड्रिनॅलिन हे औषध एकच, पण एका मिलीलिटरमध्ये १ मिलिग्रॅमवालं वेगळं आणि १० मिलीलिटरमध्ये १ मिलिग्रॅमवालं वेगळं, घाईत अदलाबदल झाली की डोस दहापट.

नोकरी मात्र लगेच सोडू नका. आधी प्रथमोपचार आणि सीपीआरचा कोर्स, मग इमर्जन्सीच्या कामाचा बेसिक कोर्स, जमलं तर अ‍ॅम्ब्युलन्सवर मागे बसून काही पाळ्या बघायची परवानगी मागा. पॅरामेडिकचं मोठं शिक्षण त्यानंतर. नियम आणि मुदती प्रत्येक देशात वेगळ्या, त्या तिथल्या तिथे विचारा.

हेडसेट

दादा, मी फोनवर असते, म्हणजे त्या दिवशी तुमच्याशी बोलल्या त्या बाईंचं काम. हेही इमर्जन्सीचंच काम आहे आणि कंबरेचा प्रश्न असेल तर याचाही विचार करा. पत्ता घेतला की आमचे दोन प्रश्न, शुद्धीवर आहेत का, नीट श्वास घेतायत का. "घेतायत पण विचित्र" म्हणाले की आम्ही लगेच दाबायला लावतो. मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटिमीटर खोल, त्याच ठेक्यात आम्ही मोजतो आणि समोरच्याचा धापा टाकणारा आवाज ऐकत राहतो. त्रास वेगळाच आहे, दिसत काहीच नाही, सगळं कानाने. टीम पोचली की फोन कट होतो आणि पुढचा वाजतो.

खातेवही३६

सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचून काढलं, बायकोलाही वाचायला दिलं. पाठ_आणि_झोप ताई, तुमचं बुटांचं वाचून ती गप्प झाली आणि मग म्हणाली कोर्स कर, बाकीचं नंतर बघू. कंबर दाखवून घेतो, आणि त्या दिवसाबद्दल बोलायला वेळ घेतलीये एकीकडे. नोकरी चालूच ठेवतोय.

हेडसेट ताई, एक विचारू का, त्या बाईंना पुढे काय झालं ते कळलं असेल का?

हेडसेट

बहुतेक नाही, आम्हाला शेवट क्वचितच कळतो. पण तुम्ही त्या केंद्राला चिठ्ठी लिहू शकता, तारीख आणि वेळ टाका म्हणजे कॉल सापडेल आणि ती त्यांच्यापर्यंत पोचेल. ते गेले हेही लिहा, लपवू नका. आम्हाला कळलेलं चालतं.

खातेवही३६

तारीख आहे. वेळ दुपारी २ वाजून १७ मिनिटं, जुन्या फोनमध्ये अजून दिसतेय. आज रात्री लिहितो.