दिवसाची वीज स्वस्त, पण दिवसा घरी असतं कोण?

(इंदूरच्या रहिवाशांची चर्चा. बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या वस्त्यांवरून.)

रामबागकर : आमच्याकडे स्मार्ट मीटर लागल्यापासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ वापरलेल्या विजेच्या दरात २० टक्के सूट मिळते. मला हे मनापासून पटतं. दुपारी रीव्याच्या ७५० मेगावॅटच्या सौर प्रकल्पातून, ओंकारेश्वरच्या तरंगत्या पॅनलांवरून वीज भरभरून येते. सूर्य मावळला की ती थांबते आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, टीव्ही, एसी सुरू होतात. मग मदार खंडव्याकडच्या सिंगाजी औष्णिक केंद्राच्या कोळशावर. जेठातल्या आणि पौषातल्या आंब्याला आपण एकच भाव देतो का? मी कपड्यांचं मशीन, इस्त्री, पाण्याची मोटर, सगळं दुपारी उरकतो. इंदूरच्या प्रत्येक घराने तसं करावं.

सुदामानगरची सून : काका, तुम्ही दिवसभर घरी असता. आम्ही दोघं साडेनऊला बाहेर पडतो ते सातला परत. दुपारी मशीन लावून कपडे वाळत कोण घालणार? सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात. मोटरचं म्हणाल तर आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवस आड येतं, तेही पहाटे. नळ आला की मोटर लावावीच लागते.

हिशेब करून बघा. महिन्याला ६० युनिटं दुपारकडे सरकवली आणि दर ६ रुपये धरला, तर वाचले ७२ रुपये. स्थिर आकार आहे तेवढाच. शिवाय केंद्राच्या २०२३ च्या नियमात नुसती सूट नाही. गर्दीच्या तासांत घरगुती दर किमान १० टक्के जास्त ठेवावा, असंही त्यात आहे. तो जादा दर आला की भरणार कोण? संध्याकाळी घरी येऊन कुकर लावणारेच.

मालवा मिल : ताईंशी सहमत. आमच्या गल्लीत बहुतेकांचा वापर १५० युनिटांच्या आत, म्हणून राज्याच्या गृहज्योती योजनेत पहिली १०० युनिटं १०० रुपयांत मिळतात. त्यांना या सवलतीचं काय? दुपारी एसी लावून बसतो त्याला सवलत, रात्री पंख्याखाली झोपतो त्याला काही नाही. हे बरोबर नाही.

रामबागकर : पहाटेच्या नळाचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं, मान्य. पण ७२ रुपयांवर थांबू नका. औष्णिक केंद्रं संध्याकाळच्या दोन-चार तासांच्या मागणीसाठी बांधावी लागतात. करार झाला की वीज घेतली नाही तरी त्यांचा स्थिर खर्च द्यावा लागतो आणि तो आपल्या सगळ्यांच्या बिलात येतो, मालवा मिलच्या गल्लीतल्या बिलातसुद्धा. संध्याकाळची मागणी उतरली तर पुढचं केंद्र टळेल.

जुनी इंदूर : तुम्ही मशीन-इस्त्रीवर भांडताय, पण या शहरात सरकवता येईल असा मोठा भार पाण्याचा आहे. नर्मदेकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर पाणी चढवून आणतो आपण. तिथल्या ६० मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी महापालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठी लोकांकडून कर्ज घेण्याचे रोखे) काढले. मग पंप भर दुपारी जास्तीत जास्त चालवा, शहरातल्या टाक्या तेव्हाच भरून घ्या. आणि नळही नऊनंतर सोडा, म्हणजे घरोघरच्या मोटरीही उन्हाच्या विजेवर चालतील.

सुदामानगरची सून : टाक्या दुपारी भरा, शंभर टक्के बरोबर. नळ मात्र नऊनंतर नको! ज्यांच्या अंगणात हौद आहे त्यांचा हौद आपोआप भरेल, मोटर ते कधीही लावतील. आमच्याकडे हौद नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी सासूबाईंनी पाणी भरायचं का?

जुनी इंदूर : हौदाचा फरक मी धरला नव्हता. वस्ती बघून वेळ ठरवावी लागेल.

रामबागकर : संध्याकाळचा दर जास्त असावा, हे माझं मत अजून तेच आहे. पण १५० युनिटांखालच्या घरांना तो लागू नये, हे मलाही पटतं. वीज नियामक आयोगाच्या दरसुनावणीत हरकत लेखी देता येते. मी मसुदा लिहून इथे टाकतो. पहाटेच्या नळाचा मुद्दा ताई, तुम्ही लिहा.